आधी तू पी

सांगली, २६ जुलै

अक्का,

‘वंदामि माताजी’ असं लिहून दोन कागद फाडले. त्यापुढे हात सरकत नाही. जैन साध्वी झालेल्या आर्यिकेला अक्का म्हणू नये हे मला ठाऊक आहे, तुझ्या दीक्षेच्या मंडपातच मला तसं बजावून झालं होतं. पण माताजींकडे झोपेचं गाऱ्हाणं कसं घेऊन जायचं? ते अक्काकडेच नेता येतं. तुला हे वाचून दाखवणाऱ्या संघातल्या दीदींनी हवं तर तेवढा शब्द गाळावा.

तुझ्याकडे फोन नाही, म्हणून कागद. सांगलीत तूप विकायला येणाऱ्या पलूसच्या अंजनाकाकू दर रविवारी लोणंदला तुमच्या संघाच्या दर्शनाला येतात, त्यांच्या तुपाच्या बरणीशेजारी हे पत्र ठेवून देणार आहे. चातुर्मास संपेपर्यंत तुम्ही लोणंद सोडणार नाही, तेव्हा पत्ता चुकायची भीती नाही. बाकी सगळ्याची आहे.

मी कुंडलला नसते आता. सांगलीत विजयमाला आज्जींकडे राहते. आण्णांच्या ओळखीतल्या, ऐंशीच्या पुढच्या, आपल्यातल्याच. मुलगा जवाहरकाका पुण्याला. मी राहायचं, जेवायचं आणि बदल्यात रात्रभर आज्जींजवळ जागं राहायचं, असं ठरलंय. पहाटे बनुबाई स्वयंपाकाला आल्या की मी मैदानावर पळायला जाते, पोलीस भरतीसाठी. तिथून कॉलेज, बीएस्सीचं शेवटचं वर्ष, प्रॅक्टिकल चुकवता येत नाही. उरलेल्या वेळात झोप. हा उरलेला वेळ कुठे असतो ते मला अजून सापडलेलं नाही.

एवढा आटापिटा कशाला, असं तू विचारणार नाहीस, तुला माहीत आहे. ‘एकीनं संसार सोडला, दुसरीला तरी वेळेत उजवू दे,’ असं आण्णा तुझ्या दीक्षेपासून जपतायत. यंदाच्या भरतीपर्यंत दम धरा, एवढं मी त्यांच्याकडून कसंबसं मिळवलंय. तू गेलीस आणि तुझ्या वाटचं लग्नही माझ्याच अंगावर टाकून गेलीस, असं मला कधीकधी वाटतं. असो.

आज्जींना साखरेचा आजार आहे. संध्याकाळी इन्सुलिनचं पेन मी टोचते, मग त्या दिवसाउजेडी जेवतात आणि दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरांनी झोपताना काहीतरी खायला सांगितलं होतं. त्यांना उत्तर मिळालं, ‘डाक्तर, तुमी तुमच्या गोळ्यांचं बगा, माज्या नेमाचं मी बगती.’

पहिल्याच रात्री त्यांनी माझा हात धरला. ‘पोरी, रात्री मी भरमात पाणी मागंन. मागितलं तरी द्यायचं न्हाई. लय वर्सांचा नेम हाय, मरताना मोडायचा न्हाई मला. घे शपथ.’ मी घेतली. मला ते सोपं वाटलं, कारण माझाही नियम तोच. तूच दिलेला.

सकाळी मी पळून येते तेव्हा समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीवर ऊन यायचं असतं. आज्जींना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. दिवा लागला की उजाडलं असं त्यांना वाटतं, म्हणून त्या स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत. ‘आदी तू पी. तू प्यालीस मंजे उजाडलं.’ मी तांब्या तोंडाला लावते, घशाचा आवाज त्या कान देऊन ऐकतात आणि मग आपला पेला उचलतात. रोज. दिवसातला तेवढाच एक क्षण मला बरा वाटतो.

बाकी वेळ मला भीती वाटते, अक्का. सरळ सांगते. माझा डोळा लागेल आणि ही बाई माझ्या झोपेपायी मरेल, अशी भीती वाटते.

प्राची


सांगली, ९ ऑगस्ट

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी अंजनाकाकूंच्या पिशवीत मी हात घालून पाहिलाच.

झोप आता मला विचारून येत नाही. प्रॅक्टिकलला नळीतून थेंबथेंब सोडायचं असतं, रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं. माझा फ्लास्क लाल झाला आणि मी त्याकडे बघत उभी होते, डोळे उघडे ठेवून. सर म्हणाले, ‘पाटील, होळी अजून लांब आहे.’ सगळे हसले, मीही हसले. डोळे उघडे ठेवून झोपता येत असेल तर मी जागी आहे हे मला तरी कसं कळायचं?

परवा पळताना तसंच झालं. वळण आलं आणि मी वळलेच नाही, सरळ कुंपणाच्या तारेवर गेले. मुबश्शिरानं मागून ओढलं म्हणून चेहरा वाचला. मुबश्शिरा माझ्याबरोबर पळते, मिरजेची, तिचीही भरतीचीच तयारी चालू आहे. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मी पूर्वेकडे पाहिलं, ऊन नव्हतं. नको म्हटलं.

‘अगं, तोंड बघ तुझं, पांढरं फट पडलंय.’

‘नियम आहे.’

‘आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. नंतर भरून काढायचा. तुमच्यात माफी कुणाला मागायची असते?’

ज्यानं नियम दिला त्याला, असं मी सांगितलं. ‘मग माग की,’ ती म्हणाली, जणू ती व्यक्ती पलीकडच्या गल्लीत राहते.

तर मागते आहे. तुझी दीक्षा झाली त्या दिवशी घरच्या प्रत्येकानं एकेक नियम घेतला होता. आण्णांनी कांदा सोडला. मी रडून लाल झाले होते आणि हट्टाला पेटले होते, की महाराजांकडून नाही, तुझ्याकडूनच घेणार. तू केसांवाचूनच्या डोक्यानं बसली होतीस, मला ओळखू येत नव्हतीस. मी म्हणाले, रात्री अन्न नाही, पाणीही नाही, तू सोडवशील तोपर्यंत. तू माझ्या डोक्यावर पिंछी ठेवलीस. मोराची पिसं कपाळाला लागली, बस. त्यानंतर तू मला कधी शिवलेली नाहीस.

म्हणून मी तो पाळते. धर्मासाठी पाळते असं म्हणायला मला आवडलं असतं. तुझं माझ्याकडे तेवढंच उरलंय आणि ते मोडलं तर काहीच उरणार नाही, म्हणून पाळते. पण आता रात्री दोन घोट पाणी आणि एखादी पोळी पोटात असली तर मी जागी राहू शकेन. एक शब्द पाठव. ‘सुटला’ एवढाच.

सध्या मी एक युक्ती केली आहे. ओढणीचं एक टोक आज्जींच्या मनगटाला, दुसरं माझ्या. त्या हलल्या की मला ओढ बसते. आज्जी म्हणाल्या, ‘मी काय म्हस हाय व्हय गं, दावणीला बांदायला?’ मी म्हणाले, म्हैस मी आहे, तुम्ही दावण. तेव्हा हसल्या आणि हात पुढे केला.

प्राची


सांगली, २३ ऑगस्ट

अंजनाकाकू सांगत होत्या, ‘माताजींनी समदं ऐकून घेतलं. मग माळ वडत बसल्या.’

काय म्हणाल्या, मी विचारलं.

‘काय न्हाई बाई. त्यांना आता घरचं काय नसतंय.’

ठीक आहे. तुला घरचं काही नसतंय. मग मला तुझं का असतंय? मी इथे तुझा नियम धरून मैदानाच्या कडेला ओकाऱ्या काढते आणि तू तिथे माळ ओढतेस. दीदींनी हे वाक्य गाळू नये.

राग थोडा ओसरल्यावर पुढचं लिहितेय. आज सकाळी जाग आली ती बनुबाईंच्या कडी वाजवण्यानं. म्हणजे मी झोपले होते. ओढणी जमिनीवर, दोन्ही गाठी सुटलेल्या. आज्जी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना हात लावायचं धाडस मला होईना. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले, श्वासानं लुगडं हलतंय का ते बघत. मग त्या खोकल्या.

गाठी कुणी सोडल्या असं विचारलं तर म्हणाल्या, ‘तूच सोडल्यास की. मुतायला नेलंस मला. भरमात हुतीस काय?’

मला त्यातलं काहीही आठवत नाही. या म्हाताऱ्या बाईला मी अंधारात धरून नेलं, आणलं, निजवलं, आणि मी तिथे नव्हतेच. अक्का, ते कोण होतं? आणि ते आणखी काय काय करत असेल?

जवाहरकाकांना सांगून दुसरं कुणी बघा म्हणावं, असं मनात आलं. पण मग मी राहू कुठे? कुंडलला परत गेले की मांडव तयारच आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस येतायत. आज्जी रोज बोटं मोजतात. उत्तराची वाट मी बघणार नाही.

प्राची


सांगली, २ सप्टेंबर

अक्का,

नियम मोडला. तू सोडवायच्या आधीच.

काल रात्रीची गोष्ट. सगळं नेहमीसारखंच केलं होतं, इन्सुलिन, जेवण, बस्तीच्या मंदिरातल्या पूजेचं आज्जींचं वर्णन, मग दिवा. मध्यरात्र उलटल्यावर ओढणीला ओढ बसली. हात लावला तर आज्जी घामानं चिंब, गार. ‘पाणी,’ म्हणाल्या. मग आणखी एकदा, लहान मुलीसारख्या आवाजात. मी म्हणाले, आज्जी, रात्र आहे. तुम्हीच सांगितलंय. त्या गप्प झाल्या आणि मलाही क्षणभर वाटलं की चला, शपथ पाळली गेली.

मग त्यांचे ओठ वाकडे हलायला लागले. मी बोटाला टोचून मशीनवर साखर बघितली. आकडा फार खाली होता. एवढं खाली गेलं की काय करायचं ते जवाहरकाकांनी मला शिकवून ठेवलंय, साखरेचं पाणी, ताबडतोब, नाहीतर माणूस बेशुद्ध होतं आणि मग तोंडानं काही देताच येत नाही. काकांना फोन केला, वाजून वाजून बंद झाला. अँब्युलन्सला लावला, ते म्हणाले निघतो, तोवर शुद्ध असेल तर साखर द्या.

साखर कालवली. पेला ओठाला लावला तर आज्जींनी दात मिटले. बोटानं साखर आत लावली, थुंकून दिली. मला वाटलं होतं भ्रमात माणूस नियम विसरतं. त्या स्वतःचं नाव विसरल्या होत्या अक्का, मला ‘आवं वैनी’ म्हणत होत्या. नियम तेवढा विसरल्या नव्हत्या.

मी घरातले सगळे दिवे लावले. खोलीचा, सोप्यातला, देवघरातला, मोबाईलचा टॉर्चसुद्धा खिडकीत ठेवला. म्हणाले, ‘आज्जी, उजाडलं. टाकीवर ऊन आलं. प्या.’

त्यांनी डोळे किलकिले केले. चेहरा खिडकीकडे वळवला. मग मला म्हणाल्या, हळू, पण अगदी रोजच्यासारखं, ‘उजाडलं तर आदी तू पी.’

तांब्या भरलेला होता. मी तो उचलला आणि प्याले. त्यांना ऐकू जावं म्हणून घटघट आवाज करत प्याले. बाहेर काळाकुट्ट अंधार होता. मोराची पिसं कपाळाला लागल्याचं मला तेव्हाच का आठवावं, कुणास ठाऊक. पाणी चांगलं लागलं. तेही लिहून टाकते, फार चांगलं लागलं.

माझ्या घशाचा आवाज ऐकून आज्जींनी तोंड उघडलं.

अँब्युलन्स आली तेव्हा त्या उठून बसल्या होत्या आणि कंपाउंडरला विचारत होत्या, ‘तू कुनाचा रं?’ त्यानं पुन्हा तपासलं, साखर वर आली होती. मी मात्र सकाळी पळायला गेले नाही.

जवाहरकाकांचा सकाळी फोन आला. म्हणाले, शाब्बास पोरी, तुझ्यामुळे आई वाचली. मी ‘हो’ म्हणाले.

प्राची


सांगली, ४ सप्टेंबर

अक्का,

परवाच्या पत्रात मी लिहिलं होतं की सगळं नेहमीसारखंच केलं होतं. ते खोटं होतं. किंवा खोटं आहे का हे मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

सोमवारी कॉलेजात चाचणी होती, आदल्या दिवशी मी टेकलेही नव्हते. संध्याकाळी आज्जींना टोचायला बसले आणि तिथेच पेंग आली. डोळे उघडले तर पेन हातात, टोपण काढलेलं. द्यायचंय की दिलंय? आज्जी शांत बसल्या होत्या. द्यायचंच असेल असं म्हणून मी दिलं.

आज पेन संपलं. उद्यापर्यंत पुरायला हवं होतं.

म्हणजे मी दोनदा टोचलं. त्यांची साखर आजारानं उतरली नाही, माझ्या झोपेनं उतरवली. मी ज्या आगीतून त्यांना बाहेर काढलं ती मीच लावलेली होती, आणि जवाहरकाका मला शाब्बास म्हणतायत. त्यांना सांगितलं तर घराबाहेर काढतील, ते मी समजू शकते. पण पोलिसात गेले तर? ज्या पोरीवर असली तक्रार आहे तिला पोलीस खातं घेईल? कॉलेजात बसून मी हेच चक्र फिरवते. जेवण जात नाही. झोपायला वेळ मिळाला तरी आता झोप येत नाही, ही आणखी मजा.

तरीही हे पत्र त्यासाठी नाही. माझं राहू दे.

आज्जींनी सगळं ओळखलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी टाकीवर ऊन आलं, मी तांब्या उचलला, तेव्हा म्हणाल्या, ‘पोरी, काल दोनदा कसं गं उजाडलं?’ त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘पाणी प्याले न्हवं मी. मग प्राच्चित्त घ्याया पायजे. चौदसला उपास करती. निर्जळी.’

अनंत चतुर्दशी परवा, शनिवारी आहे. तो उपास केला तर त्या रात्रीच संपतील. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. जवाहरकाका फोनवर ओरडले, त्यांचाही फोन ठेवून दिला. मी पाया पडले. ‘तुजा काय दोष? तू वाचवायला खोटं बोललीस. नेम माजा मोडला, उपास मी करनार.’ दोष माझाच आहे हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी भित्री मी कधी झाले कळत नाही.

त्या फक्त त्यागी माणसाचं ऐकतील. माताजींचा शब्द असेल तर त्या मोडणार नाहीत. अक्का, माझ्या नियमाबद्दल तू काही बोलू नको, मी तो मोडलाय, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण या बाईला एक शब्द पाठव. हे पत्र माझ्या बहिणीला नाही. हे पहिल्यांदाच मी नीट लिहिते,

वंदामि माताजी. विजयमाला आज्जींना वाचवा.

अंजनाकाकू रविवारी येणार, तोवर उशीर होईल. मुबश्शिराचा भाऊ रिजवान आज रात्री लोणंदच्या बाजारात कांदा भरायला ट्रक घेऊन निघतोय. परवाचं पत्र अजून इथेच आहे, ते आणि हे दोन्ही त्याच्या हाती देते. त्याला सांगितलंय, दारात चप्पल काढ, लांबून हात जोड आणि शब्द घेतल्याशिवाय हलू नको.

प्राची


सांगली, १० सप्टेंबर

अक्का,

रिजवान शुक्रवारी दुपारी ट्रक घेऊन थेट गल्लीत आला. कांद्याच्या वासानं अख्खी आळी दारात. आज्जींच्या खाटेपासून लांब उभा राहून त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, ‘आज्जी, मी आत गेलो न्हाई, भाईरच हुभा हुतो. एक दीदी पत्र घिऊन आत गेल्या. लय येळानं आल्या. म्हनाल्या, माताजींनी सांगितलंय, जीव जात आस्ताना पाजलेलं पानी ते औशद. उपास करायचा न्हाई. ही आज्ञा हाय.’

आज्जींनी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. ‘आज्ञा म्हनल्या? नक्की?’ तो म्हणाला, ‘माज्या आईची शपथ.’ मग त्या उशीला टेकल्या आणि पदरानं डोळे पुसले. ‘आज्ञा हाय मंजे मग काय, मोडता येत न्हाई,’ असं म्हणाल्या आणि बनुबाईंना भाकरी टाकायला सांगितली. माझ्या मते उपासाची भीती त्यांनाही वाटत होती. कुणीतरी नको म्हणावं म्हणून त्या वाट बघत होत्या.

रिजवान जाताना जिन्यात थांबला. ‘मी ईचारलं, प्राचीसाटी काय निरोप? तर दीदी म्हनल्या, माताजी उटून आत गेल्या.’

बरं, मी म्हणाले. शनिवार, रविवार मी ‘बरं’च म्हणत होते.

सोमवारी क्षमावाणी होती. सगळे एकमेकांची क्षमा मागत होते, बनुबाईंनीसुद्धा फोडलेल्या बरणीबद्दल मागून घेतली. मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. आज्जींसमोर बसले आणि पेनचं सांगून टाकलं. दोनदा टोचलं, झोपेत, माझ्यामुळे.

आज्जी म्हणाल्या, ‘दोनदा टोचलंस ते मला ठावं हाय की. मी जागीच हुते. मला वाटलं डाक्तरनं वाडवलं आसंल.’

मग मला का नाही विचारलंत?

‘ईचारनार हुते. तुजा आवाज आयकला आन् म्हनलं, आता हिला ईचारलं तर रडंल.’ मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड करून म्हणाल्या, ‘मीच तुजी क्षमा मागती. शपथेत बांदून ठिवलं तुला. आन् जागी ऱ्हाऊन काय दिवे लावलेस गं? खाट टाक हितं आन् नीज. हलले तर मीच वडंन तुजी वडनी.’

जवाहरकाकांना मीच फोन केला. ते म्हणाले, इन्सुलिन यापुढे बनुबाईंसमोर द्यायचं, बाकी मी आल्यावर बघू. ते रविवारी येतायत. काय बघणार आहेत, मला माहीत नाही. बॅग भरून ठेवली आहे. भीती गेलेली नाही. पण आता ती माझी एकटीची नाही, त्यामुळे उचलता येते.

हे सगळं मी तुला कळवणार नव्हते. आज सकाळी अंजनाकाकू लोणंदहून परत आल्या म्हणून लिहिते. क्षमावाणीसाठी त्या तिथेच राहिल्या होत्या. चहा घेत बोलता बोलता म्हणाल्या, ‘तुमच्या माताजींचं काय कळंना. चौदसचा उपास समद्यांचाच हुता. दुसऱ्या दिशी बाकीच्यांनी पारणं केलं, ह्या उठल्याच न्हाईत. तिसऱ्या दिशी बी न्हाई. चतुर्दशीच्या वर दोन उपास. निर्जळी. कशाचं, कुनाला सांगितलं न्हाई. मोठ्या माताजींनी ईचारलं तर म्हनल्या, दोन देणी हायती.’

त्या कप खाली ठेवून बनुबाईंशी तुपाच्या भावाचं बोलायला लागल्या. मी मोरीत जाऊन उभी राहिले.

दोन का, ते मला कळलं, अक्का. एक आज्जींचा. दुसरा कुणाचा ते मला कुणी सांगायला नको. नियम तू सोडवला नाहीस. मी मोडलेला तू भरलास. तीन दिवस घोटभर पाणी न पिता बसलीस आणि मी इथे तुझ्यावर रुसून, रात्री उशाशी तांब्या ठेवून पाणी पीत होते.

काल सकाळी तुझं पारणं झालं म्हणे. ओंजळीत पहिल्यांदा पाणी घेतलंस आणि हात कापत होते, म्हणून थोडं सांडलं, असं अंजनाकाकू म्हणाल्या. ते ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून तुझे हात जात नाहीत. आता पुन्हा असं काही करू नको. माझ्या चुका पुष्कळ व्हायच्या आहेत, तू किती उपास करशील?

उद्या पहाटे मी पळायला जाणार आहे. बाटली बरोबर नेणार आहे, मुबश्शिरा सोडणार नाही. त्याआधी झोपते, आज्जींनी दोनदा हाक मारली. ओढणी त्यांनीच बांधून घेतली आहे.

तुमच्याकडे लोणंदला ऊन आधी कशावर येतं, ते मला माहीत नाही. ज्याच्यावर येत असेल त्याच्यावर उद्या आलं की आहाराला ऊठ, आणि आधी तू पी.

तुझी,
प्राची